चारनंतर चहा टाकणे

आमच्या देवघरात, गंधाच्या वाटीखाली, एक चिठ्ठी अजून आहे. औषधाच्या दुकानातल्या खाकी पिशवीचा फाडलेला तुकडा आणि त्यावर निळ्या शाईत पाच ओळी. आई सकाळी देव पुसते तेव्हा ती चिठ्ठीही उचलते, तिच्याखालची जागा पुसते आणि परत ठेवते. मी एकदा म्हटलं, अगं, आता तिचा काय उपयोग, उलट तिनंच घोळ केला. तर म्हणाली, असू दे, माणसाची आठवण आहे. तो माणूस म्हणजे गजभिये.

गजभिये मूळचे भंडाऱ्याकडचे. धनकवडीत आमच्या कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये ते फार्मासिस्ट होते. दुकान दुसऱ्याचं, काउंटर यांचं. बारीक अंगकाठी, अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, खिशात दोन पेनं आणि गळ्यात दोरीला अडकवलेलं एक भिंग. हे भिंग गोळ्यांच्या पट्टीवरची मुंगीएवढी अक्षरं वाचण्यासाठी. ती अक्षरं वाचणारा मी पाहिलेला हा एकमेव माणूस. बाकी सगळे आपण पट्टीचा रंग बघून गोळी घेतो.

आमची ओळख भांडणानंच झाली. पुण्यात त्यात विशेष काही नाही. त्या दिवशी हरितालिका होती. माझं लग्न झालेलं नाही, आणि तेव्हा चाळिशी उलटल्यावर ते होईल अशी आशा पार्वतीनंही सोडली असणार, पण उपास मी सोडलेला नव्हता. आमच्याकडे त्या दिवशी फळं आणि पाणी चालतं, चहा चालत नाही. दुपारी तीनला डोकं असं ठणकायला लागलं की मी तशीच चपला घालून मेडिकलमध्ये गेले आणि डोकेदुखीची गोळी मागितली. यांनी पट्टी हातात घेतली, पण दिली नाही. म्हणाले, सकाळपासून चहा झाला का? मी म्हटलं, मला गोळी हवीय, मुलाखत नको.

ते चिडले नाहीत. बारा वाजल्यापासून आलेल्यांत तुम्ही सहाव्या, म्हणाले. सहाही जणी बायका, सहाही जणींना हीच गोळी. मागच्या वर्षीही असंच झालं. एकादशीला मात्र कुणी येत नाही. मग दुखतं ते भुकेनं नव्हे, कारण भूक एकादशीलाही असते. तेव्हा हरितालिकेला काय नसतं जे एकादशीला असतं? हे त्यांनी मला शाळेतल्या मास्तरांसारखं विचारलं, आणि रागात असूनही मी उत्तर दिलं, चहा. त्यांना इतका आनंद झाला की बोलण्यातलं भंडारा एकदम वर आलं.

"बरोबर. आता हे पाहा जी," असं म्हणून त्यांनी पट्टी उलटी केली, तिच्यावर भिंग धरलं आणि मला वाचायला लावलं. दोन औषधांच्या नावांखाली तिसरं नाव होतं, कॅफिन. "म्हणजे तुम्ही चहाच घेऊन राहिल्या. फक्त कपबशी नाही."

मग उपास मोडला की नाही, असं मी विचारलं, तर तो विभाग माझा नाही म्हणाले. घरी आईनं निकाल दिला की औषध चालतं. मी गोळी घेतली, अर्ध्या तासात डोकं उतरलं, आणि त्या दिवसापासून मला त्या माणसाबद्दल कुतूहल वाटायला लागलं. काउंटरमागं उभं राहून बायकांच्या उपासांची तुलना करणारा माणूस आपल्याकडे रोज भेटत नाही.

पुढं दहा-बारा वर्षांत कळलं की त्यांचा सगळा जीव याच एका विषयात होता. चहा-कॉफीतलं ते कॅफिन माणसाला नेमकं काय करतं. साखरेचे आजार, रक्तदाब, गुडघे या सगळ्यांवर ते नीट, मोजकं बोलायचे. चहाचं नाव निघालं की दोन्ही कोपर काउंटरवर टेकायचे. लोक म्हणतात चहानं तरतरी येते, ते म्हणायचे की येत नाही. दिवसभर जागं राहिल्यानं मेंदूत थकव्याचा एक पदार्थ साठत जातो, त्याच्या बसायच्या खुर्च्या ठरलेल्या असतात. कॅफिन आधी जाऊन त्या खुर्च्यांवर बसतं. थकवा बाहेर उभाच असतो, आपल्याला तो दिसत नाही एवढंच. कॅफिन उठलं की बाहेरचे सगळे एकदम आत येऊन बसतात आणि आपण म्हणतो, अचानक गळून गेल्यासारखं झालं.

आणि ते उठतं कधी, यावर त्यांचं खास प्रवचन असायचं. कप धुतला म्हणजे चहा संपला असं तुम्ही समजता, म्हणायचे. चार वाजता घेतलेला चहा रात्री नऊ-दहाला निम्मा अंगात असतो. म्हाताऱ्या माणसात आणखी रेंगाळतो, पोटुशी बाईत तर फारच. कुणाकुणात मात्र भराभर निघून जातो, ते लोक जेवणावर कॉफी पिऊन घोरतात आणि दुसऱ्यांना नाजूक म्हणतात. मी म्हटलं, पुण्यात इतका वेळ बसणारा पाहुणा चालत नाही. तर म्हणाले, बाकी सगळं पुण्याचं झालं तरी लिव्हर पुण्याचं होत नाही, ताई.

पण ते चहाचे वैरी नव्हते हं. कुणी मोबाइलवर चहा म्हणजे विष असला संदेश दाखवला की त्यांच्या कपाळाला आठ्या पडायच्या. धडधाकट माणसानं दिवसाला दोन-तीन कप घेतले तर काय बिघडतं, विचारायचे. लोहाच्या गोळीबरोबर चहा घेऊ नका असं प्रत्येक गरोदर बाईला सांगायचे आणि वर न्यायाधीशासारखं म्हणायचे की हा गुन्हा कॅफिनचा नाही, चहातल्या तुरटपणाचा आहे, उगाच एकाचं दुसऱ्यावर घालू नका. स्वतः रोज सकाळी दहाला समोरच्या टपरीवर एकच चहा घेत. आधी चष्म्याची काच वाफेनं पांढरी होईपर्यंत वास, मग चहा. चवीनं पिणारा माणूस होता.

त्यांची खरी हातोटी प्रश्नात होती. आमच्या वरच्या मजल्यावर सौरभ नावाचा आयटीतला मुलगा भाड्यानं राहायचा. त्याचं दर रविवारी दुपारी डोकं दुखायचं. डोळे तपासून झाले, उशी बदलून झाली, मग इंटरनेटवर वाचून त्यानं स्वतःला मेंदूची गाठ ठरवून टाकली आणि घाबरून आईवडलांना काही सांगेना. गजभियांनी त्याला रविवारचं काहीच विचारलं नाही. सोमवारी किती वाजता बरं वाटतं, एवढंच विचारलं. साडेदहाला. दहाला काय करतोस? ऑफिसमधल्या मशीनची कॉफी घेतो. दिवसभरात आणखी? तो बोटं मोजायला लागला आणि पाचव्या बोटावर थांबला. रविवारी साहेब बाराला उठून थेट जेवायचे.

गजभियांनी सांगितलं की येत्या रविवारी दहाला उठायचं, एक कप कॉफी घ्यायची आणि वाटलं तर परत झोपायचं. बाकी काही बदलायचं नाही, उशीसुद्धा जुनीच. हे त्यांचं आवडतं वाक्य होतं, एकावेळी एकच. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर कशानं गुण आला ते कळणार कसं? गुण आलेला पेशंट आनंदात असायचा, पण कारण कळल्याशिवाय यांना चैन पडायचं नाही. सौरभची गाठ त्या रविवारी नाहीशी झाली. मग त्यानं जरा खजील होऊन विचारलं की म्हणजे मी व्यसनी का? हे म्हणाले, व्यसन म्हण की सवय म्हण, शरीराला शब्द कळत नाही, वेळ कळते. पुढं त्याच्याकडून ते पाच कप हळूहळू दोनावरही त्यांनीच आणवले.

एवढा चहातला जाणकार, पण आमच्या घरी त्यांनी कधी चहा घेतला नाही. ते आमच्याच मागच्या गल्लीत राहायचे. आईची औषधं संध्याकाळी घरी जाताना दारात आणून द्यायचे. आई विचारायची, अहो गजभिये, चहा घेणार ना? तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत उत्तर यायचं, बारानंतर घेत नाही, आई. रविवारी सकाळी अकराला आले तर, दहाचा झाला, आई. नुसतं पाणी चालायचं, तेही उभ्याउभ्या. आई दुखावायची. पुण्यातले लोक चहाला विचारत नाहीत म्हणून नावं ठेवता, म्हणायची, आणि मी विचारते तर हा बाबा पळतो. मी तिची समजूत काढायची, की अगं, शास्त्र जाणणारा माणूस आहे, स्वतः पाळतो तेच सांगतो. मला त्यात शंका घेण्यासारखं काही वाटलंच नाही.

दोन वर्षांपूर्वी आईला धडधड सुरू झाली. आई तेव्हा अठ्ठ्याहत्तरची. छातीत मध्येच एक ठोका चुकल्यासारखा वाटायचा, मग दोन जोरात. डॉक्टरांनी कार्डिओग्राम काढला, घाबरण्यासारखं दिसत नाही म्हणाले, चहा कमी करा म्हणाले. आई म्हणाली, मी दोनदाच घेते. खोटं बोलत नव्हती ती, तिचा हिशेबच तसा होता. संध्याकाळी गजभिये औषधं घेऊन आले तेव्हा मी हे सांगितलं. ते दारातच थांबले आणि म्हणाले, कप नका सांगू आई, चहाचं पातेलं दिवसातून किती वेळा घासता?

आईनं विचार केला. पहाटेचा एकदा, माझ्या डब्याच्या वेळी एकदा, अकराला कामवाल्या सुनंदाबाई येतात तेव्हा त्यांच्यासोबत घोटभर, झोपून उठल्यावर, पाचला परत सुनंदाबाई येतात तेव्हा नुसतं तोंड ओलं करायला, आणि मी सातला ऑफिसातून आले की मला एकटीला कसा द्यायचा म्हणून थोडासा. सहा वेळा. आमच्याकडे घोटभर, थोडासा आणि तोंड ओलं करायला हे चहात धरत नाहीत. गजभिये हसले नाहीत. उलट मान डोलावून म्हणाले, आता खरं कळलं. मग पिशवी फाडून त्यांनी तिला एक चिठ्ठी लिहून दिली. त्यात पाणी जास्त पिणे होतं, सकाळी चालणे होतं, गोळी जेवणानंतर घेणे होतं, दुपारी थोडेच झोपणे होतं. आणि पाचव्या ओळीत, चारनंतर चहा टाकणे.

मी ती चिठ्ठी तेव्हा वाचली नाही. स्वारगेटच्या ऑफिसात माझं ऑडिट चालू होतं, डोकं तिकडंच होतं. आईनं चिठ्ठी देवघरात ठेवली आणि म्हणाली, सगळं पाळतेय.

दोन आठवड्यांत आई निम्मी झाली. रात्री डोळ्याला डोळा लागत नाही म्हणायची, सकाळी चेहरा ओढलेला. धडधड वाढली, हात थरथरायला लागले. एके दिवशी ऑफिसातून आले तर पलंगावर तिच्या चांगल्या साड्यांचे तीन गठ्ठे करून ठेवलेले, हा मामीला, हा सुनंदाबाईंना, हा तुला. मग शांतपणे लॉकरची किल्ली कुठं असते ते तिनं मला दाखवलं. मी तिच्यावर ओरडले आणि बाथरूममध्ये जाऊन रडले. माझं या जगात तिच्याशिवाय कोण होतं? दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी चोवीस तास छातीला लावायचं यंत्र लावलं आणि त्याच दिवशी एक नवी गोळीही सुरू केली.

संध्याकाळी गजभिये आले. मी त्यांना पहिल्यांदाच आत बसवलं. त्यांनी आईचा हात बघितला, तिच्या पसरलेल्या बोटांवर एक कोरा कागद ठेवला. कागदाची टोकं थरथरायला लागली. ते बारीक आवाजात म्हणाले, चहा तर बंद आहे ना, आई? आईला राग आला. म्हणाली, बंद कशाला? तुम्ही लिहून दिल्यापासून एक दिवस चुकवला नाही. साडेतीनचा सोडून बरोबर चारला टाकते, मग पाचला, मग सहाला, आणि मंजू आली की तिच्याबरोबर. दुपारनंतर माझं प्रेशर उतरतं, चहानं चढतं, तुम्हीच तर मागं सांगितलं होतंत.

गजभियांना काही कळेना. आईनं देवघरातून चिठ्ठी आणून त्यांच्या हातात ठेवली. त्यांनी सवयीनं भिंग धरलं, स्वतःच्याच अक्षरावर. मग माझ्याकडे बघितलं.

"ताई, तुमच्यात चहा टाकणे म्हणजे काय जी?"

मी म्हटलं, टाकणे म्हणजे टाकणे. गॅसवर ठेवणे. करणे. ते म्हणाले, आमच्यात चहा मांडतात. टाकणे म्हणजे सोडून देणे. नवऱ्यानं बायकोला टाकलं, तसं. असं म्हणून त्यांनी चिठ्ठी गुडघ्यावर ठेवली आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. पाचातल्या चार ओळी करायच्या गोष्टींच्या, मग आईनं पाचवीही करायचीच धरली यात तिचं काय चुकलं?

मला हसू आवरेना आणि संताप आला तो वेगळाच. साड्यांचे गठ्ठे अजून खुर्चीवर होते. मी जरा तिखटपणेच म्हटलं, तीस वर्षं पुण्यात काढलीत, चहा टाकते हा शब्द एकदाही कानावर पडला नाही? असे कसे हो तुम्ही? आई म्हणाली, मंजू, पुरे. ते उठले, आईच्या पायाशी वाकले, आणि उद्यापासून काय करायचं ते तोंडी, दोन-दोनदा सांगून गेले. एकदम बंद करायचा नाही, नाहीतर डोकं धरेल. दुपारच्या चहातली पत्ती रोज थोडी कमी करत जायची. आईकडून त्यांनी ते धड्यासारखं परत म्हणवून घेतलं.

मी त्यांच्या मागोमाग फाटकापर्यंत गेले, बोलले ते लागलं असेल म्हणून. तिथं त्यांनी मला उत्तर दिलं.

"ताई, हा शब्द घरात बोलतात. टपरीवर तर एक चहा द्या म्हटलं की झालं. पुण्यात मी कोणाच्या घरात चहा घेतलाच कुठे?"

मग त्यांनी सांगितलं ते असं. शिकून नुकतेच नोकरीला पुण्यात आले तेव्हा एका घरी वरची खोली भाड्यानं घेतली होती. घरमालकीण प्रेमळ होती, सकाळी चहा द्यायची. कप तिच्या स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेरच्या कट्ट्यावर असायचा, निळ्या काठाचा. चहा वरून ओतायची, पिऊन झाल्यावर हे तो धुऊन परत कट्ट्यावर ठेवायचे. यांना वाटलं, पुण्यातली पद्धत असेल. महिन्याभरानं शेजारच्या खोलीत दुसरा मुलगा राहायला आला. त्याचा कप आतून आला आणि आत गेला. यांनी आडनाव विचारलं नाही, भांडण केलं नाही. दुसऱ्या दिवशी सांगितलं की मी चहा घेत नाही. त्यानंतर कुणाच्याही घरी तेच. मग लोक विचारायचे, काहून घेत नाही? काही तरी कारण सांगायला हवं म्हणून त्यांनी औषधशास्त्राचं पुस्तक काढलं आणि कॅफिनचं पान उघडलं.

"निमित्त शोधाले गेलो होतो," ते म्हणाले, "आणि ते पानच आवडलं. इतकं काही लिहून होतं त्यात."

मला लाज वाटली, आणि ती फक्त मघाच्या बोलण्याची नव्हती. तसा एक कप माझ्या आजोळी परसातल्या कोनाड्यात असायचा. मी लहानपणी तो पाहिलाय आणि तो कुणाचा असं कधी विचारलेलं नाही. हे मी त्यांना तेव्हा सांगितलं नाही. आज लिहितेय.

आई बरी झाली. आठवड्याभरात झोप परत आली, पुढच्या पंधरवड्यात धडधड इतकी कमी झाली की तिनं साड्यांचे गठ्ठे सोडले आणि मामीच्या गठ्ठ्यातली जांभळी नारायणपेठ स्वतः नेसली. यंत्राच्या अहवालात काही जादाचे ठोके निघाले, डॉक्टर म्हणाले, काळजीचं कारण नाही. मी पेढे घेऊन मेडिकलमध्ये गेले. गजभियांनी पेढा घेतला, पण चेहरा खट्टू. म्हणाले, ताई, डॉक्टरांनी गोळी त्याच दिवशी सुरू केली ना? चहा कमी झाला आणि गोळीही लागू झाली. दोन गोष्टी बदलल्या. आता गुण कशाचा, कसं सांगणार? मी म्हटलं, अहो, आई वाचली, तुम्हाला काय पडलंय? ते म्हणाले, ते तर मोठंच आहे. पण कळायला पाहिजे होतं.

या वर्षी होळीनंतर मालकानं दुकान विकलं. गजभियांचं वय झालं होतं, भंडाऱ्याला मोठी बहीण एकटी होती, त्यांनी आणि त्यांच्या बायकोनं परत जायचं ठरवलं. सामान पुढं गेलं. बायको दोन दिवस आधी गेली. ज्या दिवशी संध्याकाळच्या गाडीनं ते निघणार होते त्या दिवशी पाचच्या सुमाराला खांद्याला पिशवी लावून आमच्याकडे आले. आईनं दार उघडलं. आता ती त्यांना चहाला विचारत नसे, कारण चारनंतर तिचाही बंद होता. ती म्हणाली, बसा, सरबत करते.

ते बसले. पिशवी पायाशी ठेवली. घड्याळाकडे बघितलं आणि म्हणाले,

"आई, आज चहा टाका."

आई थबकली. म्हणाली, टाका म्हणजे? मांडू की सोडू? ते म्हणाले, तुमच्यातलं टाका. मग दोघंही इतकी हसली की आईला डोळे पुसावे लागले. ती लगबगीनं शोकेसकडे गेली. तिथं वरच्या फळीवर तिचा जपून ठेवलेला कपबशांचा सेट असतो, सोनेरी काठाचा. जावई कधी आलाच नाही, म्हणून तो खास पाहुण्यांसाठीच निघतो. इतक्या वर्षांनी हा माणूस चहा घेणार, म्हणून ती त्यातला एक कप काढायला लागली. मी उठले, पण मी काही बोलायच्या आत तेच बोलले.

"तो नको, आई. वेगळा नको. तुम्ही रोज ज्याच्यात घेता, त्यातलाच द्या."

आईला त्यातलं काही माहीत नव्हतं, मी तिला कधी सांगितलं नव्हतं. तिला वाटलं, संकोच करतायत. जरा कुरकुरतच तिनं सोनेरी कप परत ठेवला आणि ओट्यावरचा रोजचा पांढरा कप घेतला, कानाशी टवका उडालेला. आलं किसून, साय घालून, तिला जमतो तसा चहा केला. त्यांनी आधी चष्मा पांढरा होईपर्यंत वास घेतला. मग हळूहळू, बशीत न ओतता, सगळा प्याला. कप घेऊन ते सवयीनं धुवायला उठले, तर आईनं तो त्यांच्या हातातून ओढून घेतला, बसा हो, मी आहे ना, म्हणाली आणि आमच्या दुपारच्या खरकट्या कपांबरोबर मोरीत ठेवला. मग त्यांनी पिशवी उचलली, आईच्या पाया पडले, मला नमस्कार केला आणि गेले. मी गॅलरीतून बघत होते. कोपऱ्यावर बंद दुकानासमोर ते थांबले नाहीत, सरळ बसस्टॉपकडे वळले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मोबाइलवर त्यांचा संदेश आला. आई पहिला चहा पीत होती, तिला मी मोठ्यानं वाचून दाखवला.

"ताई, गाडीत रात्रभर झोप नाही लागली. बाकी सगळं रोजच्यासारखंच होतं, एकच गोष्ट बदलली होती. म्हणून यावेळी पक्कं सांगतो, तो चहाच होता. आईंना म्हणा, चहा फार छान झाला होता."